तिकडचे चार मंत्री

लासूर स्टेशन मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, आणि मनमाड इंग्रजी मुलखात. एकाच रुळावर दोन राज्यं. रोटेगाव मागे पडून नगरसूल आलं, की निजामाचा हाली सिक्का थांबे आणि कलदार रुपया सुरू होई. मालाच्या आड करोडगिरीचं नाकं येई. वर्तमानपत्रांवरही निजामाची करडी नजर असे. पण मनमाडहून परतलेल्या माणसाच्या तोंडाला कोण जकात लावणार? आमचे आबा तेव्हा इथल्या एका आडतीवर हिशेब लिहीत. 1937 साली मुंबई इलाख्याचं मंत्रिमंडळ त्यांना असं, गाडीतून उतरणाऱ्यांच्या तोंडून कळलं.

1935च्या कायद्यानुसार प्रांतांत निवडणुका झाल्या. मुंबईच्या विधानसभेत 175 जागा. त्यांतल्या 86 काँग्रेसला मिळाल्या. पण गव्हर्नर आपले खास अधिकार वापरून कारभारात ढवळाढवळ करणार नाही, अशी हमी मिळाल्याशिवाय काँग्रेस सत्ता घेईना. गव्हर्नर ब्रेबोर्न यांनी मग साताऱ्याच्या सर धनजीशा कूपर यांना बोलावलं. 1 एप्रिलला त्यांचं मंत्रिमंडळ आलं.

कूपर हे नाव आबांना आधीच ठाऊक होतं, ते कारखान्यामुळे. “नांगरवाला कूपर दिवाण झाला म्हणे,” असं दुकानात कुणीतरी म्हणालं होतं. मंत्री एकूण चार. कूपर पारशी. अर्थखातं जमनादास मेहतांकडे, ते गुजराती. सर सिद्दप्पा कंबळी हुबळीकडचे लिंगायत पुढारी. चौथे मुंबईचे हुसेनअली रहिमतुल्ला. आबा हे चार बोटांवर मोजत आणि अंगठा तसाच धरून ठेवत. “यात शेतकरी मराठा कुठंय? अस्पृश्य समाजाचा कुठंय? आन् एवढ्या 175 माणसांत यांच्या मागं किती?”

खरी मेख तिथेच होती. बहुमत पाठीशी नसलेलं हे मंत्रिमंडळ विधानसभेसमोर उभं राहिलंच नाही. कायद्याने सभा कायमची टाळता येत नव्हती आणि बसली की पाडाव ठरलेला. जूनमध्ये व्हाइसरॉय लिनलिथगोंनी थोडं नमतं निवेदन केलं, जुलैत वर्ध्याला काँग्रेसने सत्ता स्वीकारायचं ठरवलं आणि 19 जुलैला बाळ गंगाधर खेरांचं मंत्रिमंडळ आलं. चौघांचा कारभार साडेतीन महिन्यांत आटोपला.

खेरांबरोबर मुन्शी, मोरारजी देसाई, शाहू महाराजांचे चरित्रकार अण्णासाहेब लठ्ठे, डॉ. गिल्डर, नूरी आणि ल. मा. पाटील होते. आबांची बोटं पुन्हा हलली. ब्राह्मण, गुजराती, जैन, पारशी, मुसलमान असा मेळ जमला होता. अस्पृश्य समाजाचा माणूस मात्र याही यादीत नव्हता. हेही मंत्रिमंडळ 1939च्या नोव्हेंबरात गेलं. हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढलं, म्हणून राजीनामे पडले.

मी कॉलेजात असताना आबांना विचारलं होतं, “साडेतीन महिन्यांच्या सरकारचं काय एवढं?”

ते म्हणाले, “अरे, गेलं ना ते! आमचं जातच नव्हतं.”

त्याच 1937 साली हैदराबादेत सर अकबर हैदरी कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष झाले. तेही सभासदांचं मंडळच, त्यांच्याकडेही खाती होती. पण त्यांची नेमणूक निजामाची आणि जाब द्यायचा तोही निजामालाच. त्यांना कोसळायला खाली बहुमताची जमीनच नव्हती. त्याच वर्षी परतूरला संस्थानातल्या मराठी लोकांच्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं; पुढच्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस तर जन्माआधीच बेकायदा ठरली.

मनमाडकरांना पडणारं सरकार मिळालं, त्यानंतर आम्हाला ते मिळायला 15 वर्षं लागली. 1952च्या निवडणुकीनंतर हैदराबाद राज्यात बुर्गुल रामकृष्ण रावांचं मंत्रिमंडळ आलं. दिगंबरराव बिंदू, देवीसिंग चौहान, फुलचंद गांधी ही मराठवाड्याची नावं त्यात होती. आबांनी ती मोजली आणि लगेच कुरकुरही सुरू केली, की आपल्या भागाला कमी मिळालं. अशी कुरकुर करायला मिळणं, हाच त्यांच्या लेखी निवडून आलेल्या सरकारचा पहिला फायदा होता.