साथ आली, रजा नाही

1896 च्या अखेरीस मुंबईतून माणसांचा लोंढा बाहेर पडत होता. सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला होता. पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ निम्मं शहर पांगलं. मागे अडकले ते डॉक्टर, नर्सा, इस्पितळातले नोकर आणि शहराचा मैला उपसणारे हलालखोर. हलालखोर निघून गेले तर मुंबईत राहणंच अशक्य होईल, या धास्तीने म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी ऑक्टोबरच्या शेवटी रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलवण्याचे नियम सैल केले. काळजी होती ती ही माणसं पळून जाण्याची. त्यांच्या थकण्याची नव्हे.

इस्पितळातल्या लोकांवर तर दोन्हीकडून मार होता. 29 ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. तिथे नेलेला माणूस जिवंत परतत नाही, अशी लोकांची खात्री झाली होती. रोगी फार उशिरा तिथे पोहोचत, त्यामुळे ही भीती अगदीच निराधार होती असंही म्हणवत नाही. आत रोग, बाहेर दगड. जानेवारी 1897 मध्ये जे. जे. इस्पितळाचे डॉ. मॅन्सर स्वतःच प्लेगने गेले.

तिथून जवळच, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका व्हरांड्यात, जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन प्लेगवरची लस तयार करत होते. हाताशी एक कारकून आणि तीन शिपाई. चंबूत बोकडाच्या मांसाचा रस्सा, त्यावर तुपाचे थेंब. त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू वडाच्या पारंब्यांसारखे खाली लोंबू लागत. चंबूला धक्का लागला की पारंब्या तुटून तळाशी जात, म्हणून आधी तो जपून ठेवायचा. मग मुद्दाम हलवायचा आणि नव्या पारंब्या फुटायची वाट पाहायची. ज्या जंतूने शहर ओस पाडलं, त्याच्याशी हा नाजूक कारभार दिवसाचे बारा-चौदा तास चाले. तीन महिन्यांत लस हाती आली, पण तोवर एका मदतनिसाचं मन ढासळलं आणि दोघे काम सोडून गेले. हाफकिनच्या चरित्रात ही गोष्ट वाक्या-दोन वाक्यांत उरकते. वास्तविक लशीइतकीच तीही त्या व्हरांड्याची कमाई होती.

10 जानेवारीला हाफकिननी स्वतःलाच लस टोचून घेतली. ताप चढला, उतरला. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांना टोचणं सुरूही झालं.

त्याच साथीत पुण्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचा दत्तक मुलगा डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या बाजूला रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. पुढे 1905 मध्ये यशवंतही प्लेगनेच गेले. अशा मरणाला आपण त्याग म्हणतो आणि हात जोडतो. हात जोडले की पाळ्या कोण लावणार, बदली माणूस कुठून आणणार, हे प्रश्न मागे पडतात.

हाफकिनना रजा मिळाली, पण शिक्षा म्हणून. पंजाबात मोठी मोहीम काढायची ठरली आणि लशीची मागणी एकदम वाढली. 30 ऑक्टोबर 1902 रोजी मुलकोवाल गावात 107 जणांना टोचलं. त्यांतले 19 जण धनुर्वाताने दगावले. सगळ्यांची लस एकाच बाटलीतली. हाफकिननी लस निर्जंतुक करण्याची पद्धत बदलली होती, तेवढ्यावरून ठपका त्यांच्या परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना कामावरून दूर केलं गेलं. खरं पाहता, बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. मोहिमेच्या घाईत अशी चूक कोणाही दमलेल्या हाताकडून होऊ शकते. तरीही वर्षानुवर्षं चर्चा चालली ती कोणाला दोषी धरायचं याचीच.

रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून बाजू मांडली, तेव्हा कुठे 1907 मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. ते हिंदुस्थानात परतलेही, पण परळला नव्हे, कलकत्त्याला. आणि तिथे लस तयार करण्याचं काम त्यांच्याकडे नव्हतं. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव 1925 मध्ये दिलं गेलं. तोवर त्यांना हा देश सोडून दहाएक वर्षं झाली होती.