व्हील कोट्सची खाण

दिवाळी चार दिवसांवर आली की आमच्या आळीत कल्हईवाला येई. भाता फुंकून भांडे तापले की तो नवसागराची चिमूट टाकी, कथिलाची कांडी टेकवी आणि बोळ्याने सबंध पातेले रुप्यासारखे उजळून काढी. हे कथील येते कुठून, हा प्रश्न मला पडला तो फार उशिरा, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलच्या कड्यावर उभा असताना.

सेंट अ‍ॅग्नेस गावाजवळ समुद्रावर ओठंगलेल्या उतारावर एक दगडी इंजिनघर आणि त्याचे धुराडे उभे आहे. ही व्हील कोट्सची खाण. ‘व्हील’ म्हणजे चाक नव्हे हं! कॉर्निश भाषेत खाणीलाच तसे म्हणतात. १८०२ साली ती सुरू झाली. तांबे आणि कथील दोन्ही निघे. भरभराट मात्र तिच्या नशिबी नव्हती.

खरा वैरी पाणी. जितके खोल जावे तितके ते वर चढे. म्हणून १८७२ मध्ये टोअनरोथ नावाच्या विवरावर हे इंजिनघर बांधले. विवर सुमारे ६०० फूट खोल. वाफेच्या पंपाला कोळसा हवा, आणि कॉर्नवॉलमध्ये कोळसा नाही! तो वेल्सहून जहाजाने आणावा लागे. म्हणजे कथील हाती लागो न लागो, भट्टी रोज खाणारच. त्यातून त्या मुलखातली जुनी रीत अशी की, दर दोन-तीन महिन्यांनी हिशेब करायचा, नफा असेल तर लगेच वाटून घ्यायचा आणि तोटा असेल तर भागीदारांनी पदरचे पैसे ओतायचे. वाईट दिवसांसाठी गंगाजळी ठेवायची नाही. मला तर हा प्रकार निव्वळ वेडेपणाचा वाटतो.

आणि वाईट दिवस आलेच. इंजिनघर उभे राहिले तेव्हा कथील चांगले महाग होते. पण लवकरच ऑस्ट्रेलिया आणि मलायातून स्वस्त कथील येऊ लागले, तिथे ते नदीच्या गाळात वरच्या वर सापडे. भाव कोसळले. तरी १८८१ च्या सुमारास इथे सुमारे १४० माणसे राबत होती. १८८९ मध्ये काम बंद पडले. पहिल्या महायुद्धाच्या आधी पुन्हा एकदा धडपड झाली, कथिलातला सोमल जाळून काढायची भट्टीही बांधली. पण १९१४ पर्यंत तेही संपले.

कॉर्नवॉलचे खाणकरी तोवर देशोदेशी पांगले होते. काही आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतही आले. ते मातीखाली उतरत राहिले. इकडे कड्यावर धुराडे तेवढे उरले. २००६ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि लोक त्याच्यापुढे उभे राहून हसतमुखाने छायाचित्रे काढून घेतात. मीही एक काढून घेतले.