पहिले बाळ कोणते?

धुळ्याला शिक्षकांसमोर पुनरुत्पादन या पाठावर बोलण्याचा योग आला होता. बोलणे संपल्यावर एका बाईंनी विचारले, "मॅडम, भारतातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ कोणते? एका पुस्तकात हर्षा, १९८६ असे दिले आहे, तर दुसऱ्यात दुर्गा, १९७८. मुलांनी काय लिहायचे?"

प्रश्न एका गुणाचा, पण त्याचे उत्तर एका ओळीत मावणारे नाही.

आधी नावातला घोटाळा दूर करू. या बाळाचा टेस्ट ट्यूबशी फारसा संबंध नसतो. स्त्रीच्या बीजांडवाहिन्या बंद असतील, तर बीजांड आणि शुक्रजंतू यांची गाठ पडत नाही. आपल्याकडे क्षयरोगामुळेही त्या बंद होतात. अशा वेळी पक्व बीजांड शरीराबाहेर काढून काचेच्या उथळ बशीत, शरीराइतक्याच तापमानात, शुक्रजंतूंबरोबर ठेवतात. फलन झाले की काही दिवसांनी भ्रूण गर्भाशयात सोडतात. पुढचे महिने बाळ आईच्या पोटातच वाढते.

इंग्लंडमध्ये एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांच्या प्रयत्नांतून २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राऊन जन्मली. त्यानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात दुर्गा जन्मली. तिच्यामागे डॉ. सुभाष मुखर्जी आणि त्यांचे दोन सहकारी होते. त्यांची रीत इंग्लंडपेक्षा वेगळी होती. लुईसच्या वेळी निसर्गतः पिकलेले एकच बीजांड वापरले होते. मुखर्जींनी संप्रेरके देऊन एका वेळी अनेक बीजांडे मिळवली आणि भ्रूण गोठवून पुढच्या ऋतुचक्रात गर्भाशयात सोडला. आज या दोन्ही गोष्टी जगभर नित्याच्या झाल्या आहेत.

पण राज्य सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा फेटाळला. परदेशी जाऊन काम मांडण्याची परवानगी मिळाली नाही. मुख्य अडचण आणखीच वेगळी होती. लोक काय म्हणतील या धास्तीने दुर्गाच्या पालकांना आपले नाव उघड होऊ द्यायचे नव्हते. जिवंत पुरावा घरात रांगत होता, पण तो दाखवता येत नव्हता. मुखर्जींची बदली नेत्रविज्ञानाच्या संस्थेत झाली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली.

ही धास्ती आपल्याला परकी नाही. माझे माहेर जळगावचे. लग्नाला तीन-चार वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की गल्लीतली सगळी बोटे सुनेकडे वळत. नवऱ्याची तपासणी करावी, हे कोणाच्या मनातही येत नसे. वास्तविक सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडच्या कारणाचाही वाटा असतो. त्या अज्ञानाने किती बायकांना छळले ते आपण जाणतो. कोलकात्यात त्याच लाजेपायी विज्ञानातला एक पुरावाही झाकला गेला.

पुढे मुंबईत परळच्या प्रजनन संशोधन संस्थेत डॉ. टी. सी. आनंद कुमार आणि के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी मिळून काम केले. ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा जन्मली. प्रत्येक पायरीची नोंद होती. भारतातले पहिले बाळ म्हणून तिचेच नाव पुस्तकांत गेले.

१९९७ मध्ये मुखर्जींची हस्तलिखित टिपणे आनंद कुमार यांच्या हाती आली. ती बारकाईने तपासल्यावर त्यांची खात्री पटली, आणि 'करंट सायन्स' या नियतकालिकात त्यांनी लिहिले की पहिलेपणाचा मान मुखर्जींचा आहे. तोवर तो मान त्यांच्या स्वतःच्या चमूकडे होता. त्यांनी तो आपण होऊन सोडला.

मग हिंदुजांचे काम कमी ठरते काय? मुळीच नाही. मुखर्जींची पद्धत त्यांच्याबरोबरच थांबली होती. मुंबईच्या कामामुळे ती इतरांना शिकता आली, पुन्हा करता आली. २०१६ मध्ये हर्षा स्वतः आई झाली, तेव्हा तिचे बाळंतपण हिंदुजांनीच केले.

बाईंचा आणखी एक प्रश्न होता. अशा बाळाला वेगळे सांभाळावे लागते का? नाही. पहिल्या तासात आईचा चीक, ऊब आणि स्वच्छ हात हे सगळ्या बाळांना सारखेच लागते. जुळे असेल, वेळेआधी जन्मले असेल किंवा वजन कमी असेल, तर जास्त जपावे लागते. पण ते कोणत्याही बाळाला लागू आहे.

तेव्हा उत्तरपत्रिकेत 'दुर्गा, १९७८' असे लिहावे. वर्गात मात्र हर्षाचीही गोष्ट सांगावी, आणि आनंद कुमार यांनी ती टिपणे वाचून काय केले, हेही.