बचाव पक्षाचा तपासनीस

अमेरिकेत फौजदारी खटल्यातील आरोपीला वकील करण्याची ऐपत नसेल, तर तो सरकारी खर्चाने मिळतो, हे तिथले चित्रपट पाहणाऱ्यांनाही ठाऊक असते. या वकिलासाठी गल्लोगल्ली फिरून माहिती गोळा करणारा तपासनीस मात्र फारसा कोणाच्या परिचयाचा नाही. ‘पब्लिक डिफेंडर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कार्यालयांतील हे पद. असे पहिले कार्यालय लॉस एंजलिस काउंटीत १९१४ मध्ये सुरू झाले.

तपासाअभावी बचाव किती लंगडा पडतो, याचे उदाहरण ज्या खटल्याने गरीब आरोपींना वकिलाचा हक्क मिळवून दिला त्यातच सापडते. फ्लोरिडातील पनामा सिटी येथे एका पूल-रूममध्ये चोरी केल्याच्या आरोपावरून क्लॅरेन्स गिडियन यांच्यावर १९६१ मध्ये खटला चालला. वकील नाकारला गेल्याने त्यांनी स्वतःच बचाव केला आणि पाच वर्षांची शिक्षा पदरात पडली. मार्च १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, गंभीर गुन्ह्यातील निर्धन आरोपीला वकील देणे राज्यांवर बंधनकारक असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फेरखटला झाला. या वेळी वकील फ्रेड टर्नर यांनी सुनावणीपूर्वी गावात फिरून चौकशी केली, प्रमुख साक्षीदाराची पार्श्वभूमी तपासली आणि टॅक्सीचालकाच्या साक्षीतून आरोपीला अनुकूल तपशील बाहेर काढला. ज्युरींनी गिडियन यांना निर्दोष ठरवले. पहिल्या खटल्यातही साक्षीदारांना प्रश्न विचारले गेलेच होते. पण काय विचारायचे, याची माहिती कोठडीतून कोण गोळा करणार?

आज हे काम तपासनीस करतो. नव्याने रुजू झालेल्याच्या हाती प्रथम पोलिसांचा अहवाल येतो. तो खोटा आहे असे गृहीत धरायचे नसते, आणि खरा आहे असेही नाही. त्यातील प्रत्येक विधान कोणी पाहिले, कुठून पाहिले, हे तपासायचे. घटना रात्री अकराची असेल, तर घटनास्थळी रात्री अकरालाच जावे लागते. रस्त्यावरचा दिवा कुठे आहे, झाड किंवा उभी मोटार आड येते का, साक्षीदाराच्या खिडकीपासून अंतर किती, याची मोजमापे व छायाचित्रे घेतली जातात. सर्वांत घाई असते ती दुकानांतील कॅमेऱ्यांच्या चित्रणाची, कारण अनेक यंत्रांत जुने चित्रण थोड्या दिवसांत आपोआप पुसले जाते.

यानंतरचे काम म्हणजे दारे ठोठावणे. साक्षीदाराने बोललेच पाहिजे अशी सक्ती तपासनीस करू शकत नाही. त्याच्याजवळ ना बिल्ल्याचा अधिकार, ना अटकेचा. आपण बचाव पक्षाकडून आलो आहोत हे स्पष्ट सांगणे हा या व्यवसायाचा पहिला धडा. पोलीस असल्याचा आभास निर्माण करणे, आमिष दाखवणे, साक्षीदाराच्या तोंडी शब्द घालणे यांमुळे खटला तर बिघडतोच, शिवाय स्वतःवर गुन्हा दाखल होण्याची वेळ येते. संभाषण ध्वनिमुद्रित करण्याचे नियमही राज्यागणिक निराळे आहेत; कॅलिफोर्नियात खासगी संभाषणासाठी सर्वांची संमती लागते.

वकील स्वतःच साक्षीदारांना का भेटत नाही, असा प्रश्न पडेल. एखाद्या साक्षीदाराने भेटीत एक सांगितले आणि न्यायालयात दुसरेच, तर पहिले विधान ज्याच्यासमोर झाले त्याला साक्ष द्यावी लागते. एकाच खटल्यात वकील आणि साक्षीदार या दोन्ही भूमिका सहसा वठवता येत नाहीत. म्हणूनच जबाब तपासनीस घेतो, तो साक्षीदाराला वाचून दाखवतो आणि शक्य तर स्वाक्षरी घेतो. समन्स बजावणे, कागदपत्रे मिळवणे आणि तुरुंगात आरोपीला भेटणे हीही त्याचीच कामे. मात्र कायदेशीर सल्ला त्याने द्यायचा नाही, आणि आरोपीने सांगितलेले गुपित वकिलाप्रमाणेच जपायचे.

बहुतेक खटले साक्षीपुराव्यापर्यंत पोहोचतच नाहीत, गुन्हा कबूल करून तडजोडीने मिटतात. मग एवढी धावपळ कशासाठी? तर, समोर ठेवलेली तडजोड स्वीकारावी की नाही हे पुरावा किती भक्कम आहे ते कळल्याशिवाय ठरवता येत नाही. वाजवी तपास करणे, किंवा तो अनावश्यक का हे विचारपूर्वक ठरवणे, वकिलाचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये स्ट्रिकलंड खटल्यात म्हटले. प्रत्यक्षात मनुष्यबळ अपुरे आहे. दर तीन वकिलांमागे एक तपासनीस असावा, असा निकष सांगितला जातो. पण अमेरिकेच्या न्याय खात्याच्या २००७ मधील पाहणीत काउंटी पातळीवरील ४० टक्के कार्यालयांत एकही तपासनीस नव्हता.

या पदासाठी बहुधा पदवी आणि वाहन परवाना अपेक्षित असतो. स्पॅनिश येत असल्यास उत्तमच. निवृत्त पोलिसांबरोबर नुकते पदवीधर झालेले तरुणही येतात. राजधानी वॉशिंग्टनच्या पब्लिक डिफेंडर सेवेत तर महाविद्यालयीन विद्यार्थी प्रशिक्षणार्थी म्हणून हेच काम करतात. लिखाण नेटके हवे, कारण महिन्यांनंतर उलटतपासणीत टिपणातील प्रत्येक ओळीचा जाब द्यावा लागतो. हिंसाचाराची छायाचित्रे आणि रडणारी कुटुंबे रोज पाहण्याचा मनावर होणारा परिणाम जाहिरातीत लिहिलेला नसतो. अनेकजण त्यामुळेच हे काम सोडतात.

भारतात राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ मध्ये पूर्णवेळ बचाव वकिलांची योजना आणली. महाराष्ट्रातही जिल्हा पातळीवर अशी कार्यालये आहेत. त्यांत मुख्य, उप आणि सहायक बचाव वकिलांची तसेच कार्यालयीन कर्मचाऱ्यांची तरतूद आहे. तपासनिसाचे स्वतंत्र पद नाही. त्यामुळे पोलिसांच्या दोषारोपपत्राबाहेरचा साक्षीदार शोधण्याचे काम एक तर वकिलाच्या किंवा आरोपीच्या नातेवाइकांच्या अंगावर पडते. आणि नातेवाईक साक्षीदाराच्या दारात गेले, की दबाव आणल्याची तक्रार होऊन आरोपीचा जामीन रद्द होण्याची धास्ती असते.