लहान इंजिनाची मोठी अडचण : कोराडीच्या नॅरोगेजपासून टेबलावरच्या रेल्वेपर्यंत

१/
इतवारीहून निघालेली नॅरोगेज गाडी कोराडी, सावनेर, सौंसर करीत छिंदवाड्याकडे जात असे. रुळांमधले अंतर अवघे ७६२ मिलिमीटर. रुंदीकरणासाठी २०१५ च्या अखेरीस ही वाहतूक थांबली. सातपुड्यातील या छोट्या रेल्वेच्या खुणा आता नागपूरच्या मोतीबाग येथील नॅरोगेज संग्रहालयात पाहायला मिळतात. तेथील इंजिने उभी आहेत, धावत नाहीत.

२/
थांबलेली गाडी पुन्हा धावती करण्याचा एक मार्ग उरतो : प्रतिकृती. १:८७ या प्रमाणात, म्हणजे ‘एचओ’ मापात, ७६२ मिलिमीटरचा मार्ग ९ मिलिमीटरच्या आसपास येतो. ताशी ३० किलोमीटरने जाणारी गाडी या मापात सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर सरकायला हवी. स्थानकात शिरताना तर त्याहूनही हळू. नेमके हे ‘हळू’ साधण्यासाठी जगभरच्या कारागिरांना शंभर वर्षे झगडावे लागले.

३/
अडचणीचे मूळ गणितात आहे. लांबी ८७ पटींनी घटली की घनफळ आणि वजन ८७ च्या घनाने, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक पटींनी घटते. कोराडीच्या वीज केंद्राला लागणारा कोळसा ओढणारे १२३ टनांचे ‘डब्ल्यूएजी-९’ इंजिन या हिशेबाने १८७ ग्रॅमचे होते. खऱ्या इंजिनाचा वीजपुरवठा क्षणभर तुटला तरी ते स्वतःच्या वेगानेच पुढे जाते. १८७ ग्रॅमचे इंजिन मात्र धुळीच्या एका कणावर अडखळून जागच्या जागी थांबते.

४/
आरंभी हा प्रश्न कोणाला पडलाच नव्हता. जर्मनीतील मेर्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांच्या रुळांवर धावणाऱ्या खेळण्यातील गाड्या मांडल्या. त्या चावीच्या होत्या. पूर्ण चावी दिली की सुसाट सुटायच्या आणि स्प्रिंग सैलावली की मंदावायच्या. मुलांना वेग हवा होता. संथपणाची मागणी कोणी केली नव्हती.

५/
१९३५ साली मेर्कलिन आणि ट्रिक्स या दोन्ही जर्मन कंपन्यांनी टेबलावर मावतील अशा छोट्या विजेच्या गाड्या बाजारात आणल्या. १९३८ साली इंग्लंडमध्ये ‘हॉर्नबी डब्लो’ आली. मेर्कलिनच्या इंजिनांची दिशा बदलण्यासाठी जास्त दाबाचा एक विद्युतझटका द्यावा लागे. त्या झटक्याने पुष्कळदा इंजिन दिशा बदलण्याआधी बकऱ्यासारखी उडी मारी.

६/
त्या काळच्या बहुतेक मोटरींच्या आर्मेचरला तीनच ध्रुव असत. चुंबक त्या ध्रुवांना आपल्याकडे ओढून धरतो, त्यामुळे एका फेऱ्यात आर्मेचर सहा ठिकाणी अडते. वेग जास्त असेल तर हे जाणवत नाही. वेग कमी केला की इंजिन लंगडते. पाच ध्रुवांच्या मोटरीत अशा अडण्याच्या जागा दहा झाल्या, पण प्रत्येक अडथळा सौम्य झाला. आर्मेचरच्या खाचा तिरप्या कापल्यावर तो आणखी बोथट झाला.

७/
दुसरा प्रश्न आवाजाचा. मोटर हजारो फेऱ्यांच्या वेगाने फिरते, चाके मात्र संथ फिरायला हवीत. मधली दंतचक्रे सरळ दात्यांची आणि धातूची असतील तर घरघर अटळ. त्यात इंजिनाचे पोकळ कवच आणि खालची लाकडी फळी तंबोऱ्याच्या भोपळ्याचे काम करतात : मूळ आवाज लहान, घुमणारा मोठा. म्हणून रुळांखाली बुचाच्या लाकडाचा थर अंथरण्याची रीत रूढ झाली.

८/
१९५० च्या दशकात अमेरिकेतील अ‍ॅथर्न कंपनीने दंतचक्रांऐवजी चक्क रबरी पट्ट्यांनी चाके फिरवून पाहिली. इंजिन सुरू होताच सशासारखे उसळे, कारण वेग पुरेसा कमीच होत नसे. पुढे स्थिरावलेली रचना वेगळी होती : मोटर मधोमध, तिच्या दोन्ही टोकांना जड फ्लायव्हील, तेथून दोन्ही बोगींपर्यंत दांडे आणि मळसूत्री दंतचक्रे. फ्लायव्हीलने साडेसहा लाख पटींनी हरवलेल्या जडत्वाचा थोडासा अंश परत मिळवून दिला.

९/
तिसरा प्रश्न वेगनियंत्रकाचा. जुन्या नियंत्रकात विजेच्या वाटेत कमीजास्त रोध घालून वेग आवरला जाई. अशा वेळी मोटर जड झाली की ती जास्त प्रवाह ओढते, रोधावरच दाब खर्च होतो आणि गरजेच्या क्षणी मोटरीला कमी दाब मिळतो. इंजिन थांबते, बोटाने ढकलले की उधळते.

१०/
यावर तोड निघाली ती स्पंदांची. दाब कमी करण्याऐवजी पूर्ण दाबाचे छोटे छोटे ठोके द्यायचे. प्रत्येक ठोका मोटरीला पुढच्या अडथळ्यापार ढकलतो, त्यामुळे इंजिन मुंगीच्या पावलांनी चालू लागले. परंतु सेकंदाला ५० किंवा १०० ठोके म्हणजे कानाला ऐकू येणारी गुणगुण, शिवाय मोटर तापायची ती वेगळीच. गती सुधारली, शांतता गेली. कित्येक वर्षे या छंदात दोहोंपैकी एकच पदरात पडत असे.

११/
ही कोंडी इलेक्ट्रॉनिक्सने फोडली. जर्मनीच्या लेंझ कंपनीच्या कामावर आधारलेली अंकीय नियंत्रणपद्धती अमेरिकेतील मॉडेल रेल्वे संघटनेने १९९४ साली प्रमाण म्हणून स्वीकारली. रुळांत कायम पूर्ण दाब आणि प्रत्येक इंजिनात स्वतःचा छोटा डिकोडर. पुढच्या डिकोडरांनी ठोक्यांची संख्या सेकंदाला सोळा हजारांच्या वर नेली. तिथे माणसाचा कान जवळजवळ पोहोचत नाही, त्यामुळे गुणगुण ऐकू येईनाशी झाली.

१२/
त्याहून मोठी युक्ती पुढची. फिरणारी मोटर स्वतःही वीज निर्माण करते. डिकोडर क्षणार्धासाठी पुरवठा थांबवून ही उलटी वीज मोजतो. ती कमी भरली तर इंजिन मंदावले आहे असे समजून ठोका वाढवतो; जास्त भरली तर आवरतो. चढ असो वा वळण, वेग तोच राहतो. सोबत बसवलेला छोटा कपॅसिटर धुळीच्या ठिपक्यावरून इंजिनाला पार नेतो.

१३/
खऱ्या रेल्वेचा इतिहासही असाच वळला. जुन्या विद्युत इंजिनांत ट्रान्सफॉर्मरच्या ३२ पायऱ्या एकेक करून चढाव्या लागत आणि प्रत्येक पायरीला ओढ बदले. १९९० च्या दशकात आलेल्या ‘डब्ल्यूएजी-९’ इंजिनात इलेक्ट्रॉनिक स्विचांनी घडवलेली त्रिकला वीज मोटरींना मिळू लागली आणि पायऱ्या संपल्या. नागपूरचे अजनी लोकोशेड याच इंजिनांसाठी ओळखले जाते. १२३ टनांना आणि १८७ ग्रॅमला लागू पडलेले तत्त्व एकच : वीज अडवू नये, तिचे बारीक तुकडे करावेत.

१४/
महाराष्ट्रात या विद्येला कायमचे घर मिळवून दिले ते भाऊसाहेब जोशी यांनी. पुण्यातील कोथरूड येथे १ एप्रिल १९९८ रोजी त्यांचे लघुरेल्वे संग्रहालय सुरू झाले. प्रेक्षकांसमोर रोज गाड्या धावत्या ठेवायच्या तर रूळ पुसणे, चाके स्वच्छ करणे, मोजून तेलाचा थेंब देणे याला पर्याय नसतो. तेल कमी पडले तर दाते कुरकुरतात. जास्त झाले तर ते चाकांवर उतरते, धूळ धरते आणि वीज अडवते.

१५/
कोराडीसारख्या राख-धुळीच्या गावात हे दुखणे दुप्पट. त्यातच नॅरोगेजचे इंजिन मुळातच चिमुकले : फ्लायव्हीलला जागा नाही, रुळाला टेकणारी चाके मोजकी. म्हणून सातपुड्याची ती छोटी गाडी टेबलावर संथ, निःशब्द आणि न अडखळता चालवून दाखवणे ही या कलेची कठीण परीक्षा ठरते.

१६/
ती परीक्षा देण्याजोगी आहे. रुंदीकरणानंतर त्या वाटेवर मोठ्या गाड्या धावू लागल्या आणि प्रवास सुकर झाला, हे योग्यच झाले. पण जुन्या गाडीची ओळख तिच्या आकाराइतकीच तिच्या चालीतही होती. आकार संग्रहालयाने जपला आहे. चाल मात्र चालवूनच जपता येते आणि त्यासाठी सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर हा वेग न धडपडता गाठावा लागतो.