संशोधनात काय मोजायचे, हे रुग्णांनाही का विचारावे?

आटपाडी तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर राहणाऱ्या आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्या रुग्णाचा विचार करा. डॉक्टर त्याचे युरिया, क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन बघतात. ते आवश्यकच असते. पण घरच्यांच्या मनातले प्रश्न वेगळे असतात. डायलिसिसवरून आल्यावर किती वेळ पडून राहावे लागेल? दुसऱ्या दिवशी शेळ्यांकडे बघता येईल का? गलाईच्या धंद्यासाठी परराज्यात असलेल्या मुलाकडे चार दिवस जाता येईल का?

हे प्रश्न उपचाराशी संबंधित नाहीत असे अनेकांना वाटते, म्हणून ते डॉक्टरांपुढे बोलले जात नाहीत. प्रत्यक्षात नवा उपचार चांगला की वाईट हे ठरवताना असे प्रश्न विचारात घेणे गरजेचे आहे.

संशोधनातील ‘परिणाम’ म्हणजे काय?

कोणत्याही औषधाची चाचणी सुरू करण्याआधी संशोधक ठरवतात की उपचाराचा उपयोग झाला हे कशावरून ओळखायचे. रक्तातील साखर, गाठीचा आकार, वेदना, पुन्हा दवाखान्यात दाखल व्हावे लागणे, मृत्यू, यांपैकी जे मोजायचे ठरते त्याला त्या अभ्यासाचा ‘परिणाम’ म्हणतात. त्यातील सर्वांत महत्त्वाचा तो ‘मुख्य परिणाम’. जे मोजलेच नाही, त्यात औषधाने फरक पडला की नाही हे त्या अभ्यासातून कधीच कळत नाही.

चुकीची गोष्ट मोजली तर दिशाभूलही होते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या काही रुग्णांचे ठोके अनियमित पडतात. एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांनी असे ठोके कमी होत होते, म्हणून त्यांचा फायदा होईल असा समज होता. पण १९८९ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत दिसले की ही औषधे घेणाऱ्या रुग्णांत औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त मृत्यू झाले. पट्टीवरचा आलेख सुधारला होता, रुग्णाचे भले झाले नव्हते.

रुग्णांना विचारल्यावर काय बदलले?

संधिवात : ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या अभ्यासांत सुजलेले सांधे, वेदना आणि रक्तातील सूज दाखवणाऱ्या तपासण्या मोजल्या जात. काय मोजावे यावर काम करणाऱ्या ‘ओमेरॅक्ट’ या आंतरराष्ट्रीय गटाने २००२ साली रुग्णांना चर्चेत सहभागी करून घेतले. रुग्णांनी थकव्याचा मुद्दा ठामपणे मांडला. हा थकवा झोप काढून जात नाही, त्यामुळे दिवसच वाया जातो, असा त्यांचा अनुभव होता. पुढे संधिवाताच्या अभ्यासांत थकवाही मोजावा, यावर एकमत झाले.

डायलिसिस : ‘साँग’ या उपक्रमात अनेक देशांतील रुग्ण, नातेवाईक आणि डॉक्टरांना महत्त्वाच्या परिणामांचा क्रम लावायला सांगितले. डॉक्टरांनी मृत्यू आणि दवाखान्यात दाखल होणे यांना अधिक वजन दिले, तर रुग्णांनी प्रवास करता येणे आणि डायलिसिसविना मिळणारा वेळ यांना. शेवटी प्रत्येक अभ्यासात मोजायच्या चार गोष्टी सर्वांनी मिळून ठरवल्या : थकवा, हृदयविकार, फिस्टुलासारख्या रक्तमार्गाची स्थिती आणि मृत्यू.

गडचिरोली : आपल्या महाराष्ट्रातील हे उदाहरण औषधाच्या चाचणीचे नाही, पण मुद्दा तोच आहे. ग्रामीण स्त्रियांचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असे धरले जाई. अंगावरून पांढरे जाणे, पाळीचे त्रास याकडे संशोधनाचे लक्ष नव्हते. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले, पण त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. हा अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्रास आधीपासूनच होता, तो कोणी मोजला नव्हता.

मग डॉक्टरांच्या तपासण्या बिनमहत्त्वाच्या का?

नाही. काही धोके रुग्णाला जाणवत नाहीत. वाढलेला रक्तदाब किंवा यकृतावरचा दुष्परिणाम तपासणीतच कळतो. म्हणून दोन्ही हवे. शिवाय एका रुग्णाचा अनुभव सर्वांना लागू होत नाही. शहरातल्या, लिहिता-वाचता येणाऱ्यांनाच विचारले, तर शेतमजूर स्त्री किंवा मेंढपाळ यांच्या अडचणी सुटून जातात.

आपल्याकडे काय व्यवस्था आहे?

भारतातील चाचण्यांची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सरकारी संकेतस्थळावर होते. ती २००७ मध्ये सुरू झाली. प्रत्येक चाचणीचा मुख्य परिणाम तिथे कोणालाही मोफत पाहता येतो. २०१९ च्या नियमांनुसार औषधचाचण्यांना मान्यता देणाऱ्या नैतिकता समितीत एक सामान्य नागरिक असावा लागतो. मात्र त्याला तो आजार असेलच असे नाही. त्यामुळे त्या आजारासोबत जगणाऱ्यांना वेगळे विचारण्याची गरज उरतेच.

संशोधनात भाग घ्यायला सांगितले तर हे विचारा

• या अभ्यासात मुख्यतः काय मोजणार आहात?
• माझ्या रोजच्या कामावर, झोपेवर, थकव्यावर होणारा परिणाम मोजणार का?
• काय मोजायचे हे ठरवताना हा आजार असलेल्यांना विचारले होते का?
• किती फेऱ्या माराव्या लागतील? प्रवासखर्च कोण देणार?
• निष्कर्ष आम्हाला कळवणार का?

माहितीपत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळायला हवे. वाचता येत नसेल तर ते वाचून आणि समजावून दिले पाहिजे. नकार दिला किंवा मध्येच बाहेर पडलात, तरी तुमच्या नेहमीच्या उपचारावर परिणाम होता कामा नये.

त्रास कसा सांगावा?

‘बरं वाटत नाही’ एवढ्यावर थांबू नका. ‘सकाळी तासभर बोटे वळत नाहीत, त्यामुळे भाकरी थापता येत नाही’ असे सांगितले की डॉक्टरांना नेमके कळते आणि पुढच्या भेटीत फरकही मोजता येतो. कोणते काम अडते, किती वेळ आणि आठवड्यातून किती दिवस, या तीन गोष्टी घरच्या कोणाकडून वहीत लिहून घ्या. मात्र त्यावरून स्वतःच औषध बंद करू नका किंवा डोस बदलू नका. वही घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि ‘मला हे काम पुन्हा करता यायला हवे’ असे स्पष्ट सांगा.