३३ फुटांची साखळी

गुंठा म्हणजे किती? शेताचा व्यवहार केलेला कुणीही चटकन सांगेल, एकराचा चाळिसावा भाग. पण बाजू विचारा. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, क्षेत्र १०८९ चौरस फूट. हा ३३ कुठून आला, हे मला बरीच वर्षं कोडं होतं. सरळ ३० नाही, ३५ नाही, हे मधलंच काय?

उत्तर निघालं क्रिकेटच्या खेळपट्टीत! सतराव्या शतकात एडमंड गंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाने ६६ फुटांची, म्हणजे २२ यार्डांची साखळी काढली. दहा चौरस साखळ्या म्हणजे बरोब्बर एक एकर. खेळपट्टीचे २२ यार्ड ते हेच. मुंबई इलाख्याच्या महसुली मोजणीत ही साखळी निम्मी केली. ३३ फूट, आणि तिचे सोळा भाग. प्रत्येक भाग एक आणा, दोन फूट पाऊण इंचाचा. रुपयाचे सोळा आणे ज्याला कळतात त्याला साखळीही कळावी, असा हिशेब असणार. माप विलायती, नाणं देशी. त्या साखळीचा एक चौरस म्हणजे गुंठा, आणि गुंठ्याचेही पुन्हा सोळा आणे.

ह्या मोजणीचं नाव शंकुसाखळी. मला हा शब्द फार आवडतो. शंकू म्हणजे मुळात सावलीवरून दिशा काढायची खुंटी. मोजणीदाराच्या हातात तोच शब्द काटकोन साधायच्या उपकरणाला आला. शेतातून एक सरळ रेषा धरायची, शंकूने तिच्यावर काटकोनात आडव्या रेषा काढायच्या, साखळीने त्या मोजायच्या आणि सगळे आकडे जागच्या जागी कागदावर उतरवायचे. तो कागद म्हणजे टिपण. बांधावरून दोन भावांत जुंपली की आजही जुनं टिपण शोधलं जातं. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी पद्धत बसवली, ती पुढे इलाखाभर पसरली.

पण आपला मराठवाडा इंग्रजांचा नव्हता, निजामाचा होता. आणि जमीन मोजायला आपण इंग्रजांची वाटही बघत बसलो नव्हतो. शिवकाळातली काठी पाच हात पाच मुठींची. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, १२० बिघ्यांचा एक चावर. इकडे खडकीचं औरंगाबाद झालं त्याच सुमारास, १६५० च्या दशकात, दख्खनचा दिवाण मुर्शिद कुलीखान गावोगाव जमीन मोजून धारा ठरवत होता. इतिहासकार सांगतात की मोजणीची जरीब तो कित्येकदा स्वतःच्या हातात धरायचा. मला हे दृश्य फार बोलकं वाटतं. साखळीचं टोक कुणाच्या हातात आहे, यावर पुढचं सगळं ठरतं ना!

निजामाच्या राज्यात सालारजंगांच्या कारभारात मुंबईच्या धर्तीवर मोजणी आली. माप मुंबईचं, भाषा फारसी-उर्दू वळणाची. म्हणून आमच्याकडे क्षेत्रफळाला अजून 'रकबा' म्हणतात, आणि जुना दावा निघाला की वकील 'सेतवार' आणि १९५४-५५ चं 'खासरा पत्रक' मागतात. पुण्याकडच्या पाहुण्यांना हे शब्द ऐकून आपण दुसऱ्या देशात आल्यासारखं वाटतं.

तर असा हा गुंठा. सरकारने सारा आकारण्यासाठी घडवलेला, कोरडा, काटेकोर. त्याला शेपूट लागलं आणि 'गुंठेवारी' झाली.

१९७२ नंतर सिडकोने शहराच्या पूर्वेला आखीव वसाहती उभ्या करायला घेतल्या. तिथे ज्यांना परवडेना, ते शेजारच्या शिवारांत शिरले. एन-४ च्या अंगाला आमचं पुंडलिकनगर तसंच वाढलं. शेतकरी शेत एकराने विकत नसे, गुंठ्यागुंठ्याने विकी. तुकडेबंदीच्या कायद्यामुळे असल्या तुकड्यांची रीतसर नोंदणी होत नसे. मग शंभर रुपयांचा बाँड, दोन साक्षीदार, आणि झालं! सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचंच. इथे ना शंकू आला ना साखळी. सुतळी आणि फक्की. एका एकरात २० बाय ३० चे ७२ प्लॉट बसतात, रस्ता सोडलाच नाही तर. रस्ता किती सोडायचा, हे सुतळी धरणारा ठरवी. आमच्या गल्लीत समोरासमोरच्या दोन गच्च्यांवरून लोणच्याची वाटी हातोहात जाते, ती त्याचीच कृपा.

'गुंठेवारीतले' असं कुणी म्हटलं की त्यात थोडी नापसंती असते. मला तो अन्याय वाटतो. चिकलठाण्याच्या कारखान्यात तीन पाळ्यांत राबणाऱ्या माणसाने पदरमोड करून जे घेतलं, त्याला बँक कर्ज देईना आणि कागद घर मानेना. २००१ साली विधिमंडळाने 'महाराष्ट्र गुंठेवारी विकास' असा कायदा केला, तेव्हा हा बोलीतला शब्द कायद्याच्या नावात जाऊन बसला. व्याख्या मात्र रोखठोक: खाजगी जमिनीचे अनधिकृत तुकडे पाडून झालेले भूखंड आणि त्यांवरची बांधकामं. १ जानेवारी २००१ ची मर्यादा होती, २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली.

आमच्या घराची फाईल त्यानंतरची. बाबांनी १९८९ साली घेतलेल्या बाँडवर लिहिलंय '२० बाय ३०'. फायलीत तेच ५५.७४ चौरस मीटर झालंय. मी सहज आण्यांत करून बघितलं, तर पावणेनऊ आण्यांच्या आसपास आलं. आत्याला हे वाचून हसू येईल, कारण तेव्हा सुतळीचं दुसरं टोक तिनेच धरलं होतं, आणि 'ताणू नको, तुटंल' असा बाबांचा ओरडा खाल्ला होता.

आई मात्र आजही 'आपला अर्धा गुंठा' म्हणते. तिला हिशेब करून दाखवला, की अर्ध्या गुंठ्यापेक्षा साडेपंचावन्न चौरस फूट जास्तच आहे गं. म्हणाली, "ते जिन्याखालचे असतील."